पाचशे त्रिकोणांचं पिंप

पहिल्या सत्राला त्यांनी ड्रॅगन नाही दिला.
पिंप दिलं.
पाचशे त्रिकोणांत बसवा, म्हणाल्या मॉर्व्हनबाई,
एकही जास्त नको, लोकांचे फोन तापतात.

मला हसू आलं.
अकरा वर्षं मी पिंपांतच तर राहते आहे.
कॉडचं यकृत, कॉडची डोकी, मीठ, बर्फ,
सगळं पिंपांतून येतं, पिंपांतून जातं
या वारांगरच्या किनाऱ्यावर,
जिथे नोव्हेंबर संपता संपता सूर्य
दोन महिन्यांच्या रजेवर जातो, तीही भरपगारी.

शिफ्ट रात्री दहाला सुटते.
हात लिंबाने धुते, तरी पेनला वास लागतोच.
परवा टॅब्लेटच्या काचेवर
एक खवला सापडला, वाळलेला.
मला वाटलं, पिक्सेल मेला.

वर्गात आम्ही चौदा चौकटी.
क्वाबेना अक्राहून, वय एकोणीस,
त्याचं तोंड आधी हलतं, आवाज मागून चालत येतो.
मी सेहेचाळीस.
तो मला मॅडम म्हणतो, आणि उत्तरं विचारतो.

उलगडणं शिकवलं त्या दिवशी मात्र
मी सगळ्यांच्या पुढे होते.
कातडं सोलायचं, सपाट पसरायचं,
जिथे कुणाची नजर जाणार नाही
तिथे सुरी लावायची. एवढंच.
युर्गिता, हे कुठे शिकलीस?
मी कॅमेऱ्यासमोर बोटं धरली.
व्रण मोजा म्हटलं.

पण पिंप परत आलं.
शेरा एका ओळीचा:
छान आहे. पण हे कुणी वापरलंय?

राग आला.
गंज घातला होता की मी, भरपूर,
सगळीकडे सारखा, नव्या रंगासारखा.
ओरखडेही होते,
चिमटीने मीठ भुरभुरावं तसे.
काउनासला फोन लावला, इग्नासला.
तो म्हणाला, आई, पिंप कोण बघतं?
एक फटका मारतो, दोन नाणी निघतात,
पुढे जातो.

रात्री दीडला टॉर्च घेऊन धक्क्यावर गेले.
कारखाना सगळा निळ्या प्लास्टिकचा झाला
तरी एक लाकडी पिंप राहून गेलंय तिथे,
कशाला, ते कुणालाच ठाऊक नाही.
समुद्राकडून मिठाने पांढरं.
दाराकडून काळं, सिगरेटी विझवून विझवून.
दुसऱ्या कड्याखाली दोराने पाडलेली चर,
खाली फोर्कलिफ्टचा पोचा.
आणि वरची कड
एकाच बाजूला गुळगुळीत.
मोजा काढून हात फिरवला.

इथे तोर्मोद बसायचा.
मधल्या सुट्टीत, थर्मास मांड्यांत धरून,
डावा पाय लांब सोडून, तो दुमडत नसे.
फेब्रुवारीपासून इथे कुणी बसत नाही.
बसू नका असं कुणी सांगितलेलं नाही.

फोटो काढला नाही.
भावना वगैरे काही नाही,
थंडीने बॅटरी मेली होती.

घरी येऊन आठवणीने घासत बसले.
तळाचे बहात्तर त्रिकोण काढून घेतले
आणि कडेला दिले.
उजवीकडे थोडी जास्त झीज,
कारण भार सगळा चांगल्या पायाकडे पडतो.

दोन दिवसांनी शेरा:
आता बरोबर. इथे कोण बसतं?
मी लिहिलं, एक माणूस बसतो.
खोडलं.
बसायचा, लिहिलं,
आणि पाठवून दिलं.

कधीतरी कुठलं तरी पोरगं त्याला फटका मारेल.
मारू दे. नाणी निघू दे त्याला.
फुटायच्या आधी क्षणभर
त्या कडेवरून उजेड घसरला
तर घसरला.

पुढचं काम: दगड. तीनशे त्रिकोण.
दगडांना इथे काही तोटा नाही.
पण उद्या सकाळची शिफ्ट आहे.